रस्त्यावर बसलेला रातवा

जानेवारीतली पहाट. शहापूर मागे टाकून किन्हवलीच्या रस्त्याला लागलं की हळूहळू घरांचे दिवे संपतात, आणि आपल्याच बुटांचा आवाज आपल्याला ऐकू यायला लागतो. या दिवसांत सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणजे अजून तासभर अंधारच. कपाळावरच्या बॅटरीच्या उजेडात वीस-पंचवीस पावलांवर, डांबराला चिकटून, दोन लाल निखारे दिसले. मी थांबलो नाही, फक्त चाल कमी केली. निखारे तसेच. अगदी जवळ गेल्यावर ते जमिनीवरून उठले, कसलाही आवाज न करता गुडघ्याइतक्या उंचीवरून गिरकी घेऊन पुढे गेले आणि पन्नास फुटांवर पुन्हा रस्त्यातच बसले. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी ते डावीकडच्या शेतात उतरले आणि विझले.

तो रातवा होता. दिवसा हा पक्षी कुणाला दिसत नाही, कारण त्याचा अंगरखा वाळलेल्या पानांचा. करडा, तपकिरी, मध्येच काळ्या रेघा. सागाच्या पाचोळ्यात तो आपल्या पायाजवळ बसलेला असला तरी कळत नाही. मादी घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवरच अंडी घालते, इतका तिचा त्या रंगावर भरवसा. डोळ्यांच्या पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो. आत आलेला प्रकाश त्यावर आपटून पुन्हा पडद्यावर येतो, म्हणजे तोच उजेड दोनदा वापरला जातो. आपल्याला दिसतात ते लाल निखारे म्हणजे त्यातून परत फिरलेली आपलीच बॅटरी. आणि तो रस्त्यात का बसतो? गवतात बसला तर चारी बाजूंनी आडोसा. मोकळ्या रस्त्यावरून मात्र वरचं आभाळ सलग दिसतं आणि फिकट आभाळावर उडणारे पतंग, भुंगे काळे ठिपके होऊन स्पष्ट उमटतात. दिवसभर तापलेलं डांबर रात्री उशिरापर्यंत ऊबही देतं. मोटारसायकलवाल्याला हे सगळं दोन ठिणग्यांइतकंच दिसतं, आणि कधी कधी त्या ठिणग्या चाकाखालीच जातात.

रातव्याची आणि माझी ओळख धावण्यामुळे झाली. गाडीतून झाली नसती, आणि खरं सांगायचं तर चालण्यातूनही झाली नसती, कारण पहाटे पाचला उठून दहा किलोमीटर चालत कोण जातं? धावणारा तासाभरात आठ-दहा किलोमीटर कापतो. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात एवढ्या अंतरात भातखाचरं येतात, एखाददुसरा ओढा येतो, गावठाण, त्याच्या वेशीवरचा वड, मग सागाचं रान, मग ठाकरांची किंवा कातकऱ्यांची वाडी, पुन्हा खाचरं. पाच-सहा वेगवेगळे अधिवास एका तासात डोळ्यांखालून जातात, आणि तेही पानाचा वास आणि पाखराचा आवाज निसटणार नाही अशा वेगाने. त्यात धावणारा बहुतेक वेळा रोज तोच रस्ता धरतो. नव्या जागेचं कौतुक असणाऱ्याला हे कंटाळवाणं वाटेल. मला उलट वाटतं. रानाची खरी ओळख ओळखीच्या रस्त्यावरच होते, कारण काल तिथे काय नव्हतं हे ठाऊक असलं तरच आज काय आलं ते कळतं.

या रस्त्यांवर पहाटे मी एकटा कधीच नसतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं-मुली असतात. मुलांना सोळाशे मीटर, मुलींना आठशे, तेवढ्यासाठी वर्षभर घाम गाळतात. काही अनवाणी, काही फाटक्या बुटांत. कुणीतरी मोबाइलवर वेळ लावून मैलाच्या दगडाशी उभा असतो. ही मुलं रान बघायला आलेली नसतात, त्यांना नोकरी हवी असते. पण कुठल्या वळणावर तरस दिसलं, कुठल्या मोरीखाली साळिंदराचे काटे पडलेत, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. कसाऱ्याचा घाट ओलांडून पलीकडे गेलं की त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलजवळ सावरपाडा आहे. तिथली कविता राऊत अशाच डोंगरवाटांवर धावत मोठी झाली आणि २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तिने दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक आणलं, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. या मुलांपैकी कितीजणांना हे नाव तोंडपाठ आहे ते मी ऐकलंय.

पहाटेचं एक शास्त्रही आहे. रात्री जमीन गार होते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि तिच्यावर थोडी उबदार हवा पसरलेली राहते. आवाजाची लाट अशा वेळी वर निसटून न जाता वाकून पुन्हा जमिनीकडे येते. वाराही पडलेला असतो. म्हणून पहाटे ओढ्यापलीकडच्या दयाळाची शीळ कानाशी वाजल्यासारखी येते, आणि तीच नऊ वाजता ऐकू येत नाही. पक्ष्यांनाही हे साधतं. किडे शोधायला उजेड पुरेसा नसतो, मग तेवढा वेळ गाऊन आपली हद्द सांगून घ्यायची. धावताना कानात गाणी घालणाऱ्यांची मला खरोखर हळहळ वाटते. आपण श्वास दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर असा लयीत बसवला की तो आवाज मागे पडतो आणि बाहेरचं सगळं पुढे येतं.

त्या आवाजांत एक पावशाचा. मार्च उलटला की तो सुरू होतो आणि पाऊस येईपर्यंत थांबत नाही. ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असं तो शेतकऱ्याला सांगतो, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. ऐकताना खरंच तसं वाटतं: प्रत्येक हाकेला सूर चढत जातो, अगदी गळा फुटेल इतका, मग एकदम शांत. त्याची घाई मात्र वेगळ्या कारणासाठी असते. पावशा कोकिळेच्याच कुळातला, स्वतः घरटं बांधत नाही. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं ठेवते, आणि ते अंडं सातभाईंच्या अंड्यासारखंच निळं असतं. पावशा दिसायलाही शिक्र्यासारखा, पोटावर तसेच पट्टे, उडण्याची ढबही तशीच. करवंदीच्या जाळीतून सातभाईंचा एकदम कलकलाट उठला आणि वर बघितलं तर शिक्रा नसून पावशाच, असं मी कितीतरी वेळा पाहिलंय. पाऊस आला की किडे-अळ्या वाढतात, सातभाईंची पिल्लं तेव्हाच व्हायची असतात, म्हणून पावशाची हाकही तेव्हाच. शेतकऱ्याची पेरणी आणि पावशाची ही परक्या घरातली पेरणी एकाच ढगाची वाट बघत असतात.

उन्हाळ्यात हे रस्ते मला सर्वांत जास्त आवडतात, हे सांगितलं की लोक चकित होतात. शहापुरात एप्रिलमध्ये पारा चाळिशीला टेकतो. पण साग, पळस, काटेसावर, पांगारा यांची पानं झडून गेल्यामुळे रान आरपार दिसतं, आणि फुलं उघडी पडतात. पळसाचा भगवा आणि सावरीचा लाल रंग पक्ष्यांसाठी असतो, मधमाशीला लाल नीटसा दिसत नाही. पक्ष्याला दिसतो. म्हणून एका सावरीवर मैना, कोतवाल, बुलबुल, शिंजीर, हळद्या सगळे एकदम येतात, चोचीला पराग माखून दुसऱ्या झाडावर जातात. शेताच्या बांधावर बुटके, फांद्या छाटलेले ऐन दिसतात. राबासाठी त्यांची कवळं तोडतात, शेण-पाचोळ्याबरोबर खाचराच्या एका कोपऱ्यात भाजतात आणि त्या भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप टाकतात. राब पेटला की धुरातून पळणाऱ्या किड्यांवर कोतवाल आणि वेडे राघू झडप घालायला हजर. त्या धुरात धावू मात्र नये, छाती दोन दिवस कुरकुरते.

मोहाची फुलं मार्च-एप्रिलमध्ये. ती उमलतात रात्री आणि पहाटे टपटप गळतात. टोकावड्याच्या अलीकडे एका वळणावर रस्त्याच्या अगदी कडेला मोहाचं मोठं झाड आहे. तिथे पोचायच्या आधी पन्नास-साठ पावलं वास येतो, गोड आणि किंचित आंबूस. एकदा मी मान खाली घालून वेगात येत होतो आणि झाडाखालून आवाज आला, ‘दादा, हलू. फुलं तुडवशील.’ एक म्हातारी टोपली घेऊन उकिडवी बसली होती. खरंच, डांबरावर पिवळट मण्यांसारखी फुलं पसरली होती आणि माझा पाय त्यांच्यावर पडणार होता. मी कडेने चालत गेलो. तिने दोन फुलं उचलून माझ्या हातावर ठेवली. जाड, रसाळ, आत पोकळ, गुळासारखी गोड. ‘राती वाघलांनी निम्मी खाल्ली, निम्मी आमची,’ ती म्हणाली.

तिने एका वाक्यात मोहाचं सगळं जीवशास्त्र सांगितलं होतं. मोह रात्री फुलतो तो वटवाघळांसाठी. गोड पाकळ्या खायला ती येतात, अंगाला पराग लावून दुसऱ्या मोहाकडे जातात, आणि झाडाला बी धरते. आपल्या वाट्याला येतं ते वटवाघळांचं जेवण आटोपल्यावर. माणसाला ती फुलं वाळवून वर्षभर खाता येतात, बियांचं तेल निघतं. ज्या घरात मोहाचं झाड हिश्श्याला आलंय त्या घरातली बाई सूर्य उगवायच्या आत झाडाखाली असते, कारण उशीर झाला की गुरं आणि रानडुकरं येतात. त्या दिवसापासून मोहाच्या दिवसांत मी त्या वळणाला धावत नाही, चालत जातो.

याच दिवसांत आणखी एक गोष्ट दिसते आणि ती पाहून पाय जड होतात. तानसा, भातसा, वैतरणा ही मुंबईची तहान भागवणारी धरणं याच भागातली. तानसाचं पाणी तर १८९२ पासून मुंबईला जातंय. आज मुंबईला सर्वांत मोठा वाटा भातसाचा. आणि त्याच शहापूर तालुक्यातल्या वाड्या-पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर लागतात. पहाटे साडेपाचला, मी ज्या वेगाने उतारावरून खाली येतो त्याच रस्त्याने बायका डोक्यावर दोन-दोन हंडे घेऊन चढ चढत असतात. त्यांची चाल बघावी, पाण्याचा थेंब सांडत नाही. बाहेरून धावायला येणाऱ्यांना मी एकच सांगतो, आपलं पाणी आपण आणा. पाणी मागितलं तर वाडीतलं माणूस नाही म्हणणार नाही, तांब्या भरून देईल, पण तो तांब्या कुठून आलाय हे आपल्याला ठाऊक असायला हवं.

मेच्या अखेरीला, रोहिणीच्या सरी पडल्या की सिद्धगडाच्या पायथ्याला आणि माळशेजच्या खालच्या रानात काजवे चमकायला लागतात. ज्यांना पहाटेपेक्षा संध्याकाळी धावायला आवडतं त्यांच्यासाठी हे पंधरा-वीस दिवस. काजव्याच्या पोटात ल्युसिफेरीन नावाचं द्रव्य असतं, प्राणवायूशी त्याचा संयोग झाला की उजेड पडतो आणि उष्णता जवळजवळ निर्माणच होत नाही. नर उडत उडत लुकलुकतो, मादी बहुधा पानावर बसून उत्तर देते. प्रत्येक जातीची लुकलुकण्याची लय वेगळी, त्यामुळे चुकीच्या घरी कुणी जात नाही. या संभाषणात आपली प्रखर बॅटरी म्हणजे लग्नाच्या मांडवात भोंगा वाजवल्यासारखं आहे. बॅटरी लाल कापडाने झाका, नाहीतर त्या पट्ट्यात विझवूनच टाका आणि चाला. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीस मिनिटं लागतात, तेवढा धीर धरावा.

मग पाऊस. पहिल्या दोन-तीन जोरदार सरींत रस्ता अक्षरशः चालायला लागतो. खेकडे बिळांतून निघून डांबर ओलांडतात, बेडूक येतात, मखमली लाल किडे वळचणीच्या मातीत दिसतात. ओढ्याचं पाणी खाचरात शिरलं की मासे उलट्या प्रवाहाने चढतात, त्याला इकडे वलगण म्हणतात, आणि गावातली निम्मी माणसं टोपल्या-जाळी घेऊन पाण्यात असतात. कुंपणाच्या कडेला पान येण्याआधीच शेवळं जमिनीतून डोकं वर काढतात. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या बायका या रानभाजीच्या जुड्या घेऊन भल्या पहाटे निघालेल्या असतात. शेवळात सुईसारखे बारीक स्फटिक असतात, नीट शिजवली नाहीत तर घसा खाजतो, म्हणून त्यात काकडाची आंबट फळं घालतात. हे रसायनशास्त्र कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, सासूने सुनेला सांगितलं.

त्याच दिवसांत सापही रस्त्यावर येतात, आणि इथे मी एक चूक केलेली आहे ती सांगतो. जुलैतली सकाळ, झिमझिम पाऊस, मी चष्मा पुसायचा कंटाळा केला होता. रस्त्यावर सायकलची जुनी ट्यूब पडल्यासारखं काहीतरी दिसलं आणि मी ते ओलांडलं. मागून कुकरची शिट्टी दबकी वाजावी तसा फूत्कार आला. घोणस होती. पाठीवरच्या साखळीतल्या कड्या मला वळून बघितल्यावर स्वच्छ दिसल्या. ती सरपटत गवतात गेली आणि मी पुढचा अर्धा किलोमीटर धावूच शकलो नाही. घोणस अंडी घालत नाही, पिल्लंच देते, आणि पावसाच्या तोंडाला तिची पिल्लंही फिरत असतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं आणि ते ग्रामीण रुग्णालयांत मिळतं. दंश झालाच तर चिरा देणं, चोखणं, करकचून बांधणं, भगताकडे जाणं यात वेळ जातो आणि वेळ हाच जीव असतो. अवयव हलू न देता १०८ ला फोन करून थेट रुग्णालय. आता मी पावसाळ्यात उजेड पुरता झाल्याशिवाय निघत नाही आणि रस्त्यावरचा कुठलाही दोर, ट्यूब, फांदी ओलांडत नाही.

भीतीचा विषय निघालाच आहे तर बिबट्या. इकडची जुनी माणसं त्याला वाघच म्हणतात. आहे का? आहे. माळशेज, आजोबाचा डोंगर, माहुली, तानसा, सगळीकडे आहे. त्याची इथली सर्वांत खात्रीची हकिगत एका नराची आहे. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरला तो विहिरीत पडला. वन विभागाने आणि संशोधक विद्या अत्रेय यांनी त्याच्या गळ्यात जागा दाखवणारा पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडलं. शांत स्वभावाचा, वयाने थोराड, म्हणून त्याचं नाव आजोबा ठेवलं गेलं. तो तिथे राहिला नाही. कसारा स्टेशनजवळून लोहमार्ग ओलांडून, मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, कारखान्यांच्या आणि वस्तीच्या बाजूने रात्री-रात्री चालत, महिन्याच्या आत साधारण सव्वाशे किलोमीटर जाऊन तो मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पोचला. वाटेत त्याने कुठल्याही माणसाला इजा केली नाही. म्हणजे आपण सकाळी ज्या रस्त्यांवर धावतो त्यातले काही त्याने रात्री ओलांडले असणार. दोन वर्षांनी, २०११ मध्ये, तो महामार्गावर एका वाहनाखाली सापडून मेला. त्याच्यावर पुढे ‘आजोबा’ नावाचा चित्रपटही आला. मला त्याच्या गोष्टीत शेवटचा रस्ता सर्वांत जास्त बोचतो.

डोंगराच्या पलीकडे अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला आहे. तिथे त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा गावातल्या कुत्र्यांचा निघाला. म्हणजे तो वस्तीजवळ येतो तो कुत्र्यांसाठी, माणसासाठी नाही. तरी अंधारात एकटं जाऊ नये, दोघं-तिघं मिळून बोलत धावावं, कारण माणसाचा आवाज ऐकला की तो स्वतःच बाजूला होतो. वाकलेला किंवा बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो, त्यामुळे बुटाची नाडी बांधायची तर उजेडात, मोकळ्यावर. आणि समोरासमोर आलाच तर धावणाऱ्याने एकच गोष्ट करायची नाही, ती म्हणजे धावणं. पळणाऱ्याच्या मागे लागणं हे मांजरकुळाच्या रक्तात आहे. ताठ उभं राहायचं, हात वर करायचे, मोठ्याने बोलत हळूहळू मागे सरकायचं. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक फोनमध्ये असू द्यावा. खरं तर मला आजवर त्रास झाला तो वाडीवरच्या कुत्र्यांचा. त्यांच्या हद्दीत शिरताना मी चालायला लागतो, एखाद्या घरातून कुणीतरी हाक मारतं आणि कुत्री मागे फिरतात.

तानसा अभयारण्याच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यांबद्दल वेगळं सांगायला हवं. अभयारण्यात वन विभागाच्या परवानगीशिवाय शिरायचं नाही, पण बाहेरच्या रस्त्यावरूनही सागाच्या निष्पर्ण फांद्या न्याहाळाव्यात. तिथे रानपिंगळा असू शकतो. या पक्ष्याची शास्त्रीय नोंद १८७३ मध्ये झाली, १८८४ मध्ये शेवटचा नमुना मिळाला आणि मग तो शंभर वर्षांहून अधिक काळ कुणाला दिसलाच नाही. नामशेष झाला असंच धरून चालले होते. मधल्या काळातला एक पुरावा मेनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज संग्राहकाने दुसऱ्याचा नमुना चोरून, चिठ्ठी बदलून तयार केलेला निघाला, त्यामुळे शोधणारे चुकीच्या ठिकाणी शोधत राहिले. ही लबाडी उघड करणाऱ्या पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याच्या परिसरात, सातपुड्याच्या पायथ्याला, तो जिवंत दिसला. आणि २०१४ मध्ये, सातपुड्यापासून एवढ्या लांब, आपल्या तानसात त्याची नोंद झाली. घरामागच्या झाडावर बसणारा साधा पिंगळा आणि हा सहज फसवतात. साध्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर, रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं. आणि तो दिवसाउजेडी शिकार करतो, म्हणजे धावणाऱ्याच्या वेळेतलं घुबड. मला तो अजून दिसलेला नाही. दर वेळी कोऱ्या डोक्यासाठी मान वर होते आणि दर वेळी ठिपके दिसतात.

जे सहज दिसतं तेही कमी नाही. महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियल बघायला कुठे लांब जावं लागत नाही. वेशीवरच्या वडाला फळं धरली की पहिल्या उन्हात सर्वांत वरच्या फांदीवर पंधरा-वीस हिरवे-पिवळे पक्षी ऊन खात बसलेले असतात. ते जमिनीवर क्वचितच उतरतात, सगळा संसार वड, पिंपळ, उंबरावर. असा एक वड तोडला तर फक्त सावली जात नाही. आणि वड तुटतायत, रस्ते रुंद होतायत. मोठे रस्तेही आले. इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तो शहापूर तालुक्यातूनच जातो. गावच्या लोकांना रस्ता हवाय, रुग्णवाहिका वेळेत पोचायला हवी, यात मला शंका नाही. पण खाचराच्या पातळीवरचा, दोन्ही बाजूंना करवंदीची जाळी असलेला अरुंद रस्ता रुंद होतो तेव्हा जाळी, मोरीखालचा ओलावा, बांधावरचा ऐन, सगळं एकदम जातं. मोरी बांधताना खालून साळिंदर, मुंगूस, घोरपड जाईल एवढी कोरडी कड ठेवायला फार खर्च येत नाही. धावणारे आपण रोज बघतो की सकाळी डांबरावर काय काय चिरडलेलं असतं. कुठल्या जागी जास्त, हे आपण लिहून ठेवलं तर मोरी कुठे हवी ते सांगता येतं. मी दोन वर्षांपासून लिहितो. तारीख, किलोमीटरचा दगड, काय मेलं. शेजारच्या पानावर काय आलं तेही लिहितो: पहिला पावशा, पहिलं शेवळं, भाद्रपदात शेपूट हलवत रस्त्यावर पळणारा पहिला धोबी, जो हिमालय उतरून येतो.

त्या पानावर मला सर्वांत उत्सुकता असते ती नीलपंखाची. हळवं भात कापणीला येतं, त्या सुमारास तो आमच्याकडे दिसायला लागतो आणि उन्हाळा लागला की जातो. जुने लोक त्याला चाष म्हणत आणि दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानत. तारेवर बसला की मातकट, जाडसर, लक्षातही येऊ नये असा. उडाला की पंखांतून दोन निळ्या पट्ट्या उघडतात आणि धावताना श्वास चुकतो. ही निळाई रंगाची नव्हे. पिसांच्या आत सूक्ष्म पोकळ्यांची अशी रचना असते की त्यावर पडलेल्या प्रकाशातला निळाच तेवढा परत फेकला जातो. पीस कुटून पूड केली तर निळं राहत नाही.

किन्हवलीच्या रस्त्यावर एका वळणाला विजेचा एक खांब होता. तीन वर्षं नीलपंख त्याच खांबाजवळच्या तारेवर येऊन बसला. यंदा रुंदीकरणात खांब हलवला, तिथे खडीचा ढीग आहे. दसरा झाला, तो दिसला नाही. कोजागिरी गेली. पाच-सहा दिवसांनी, धुकं होतं, खाचरात कापलेल्या भाताच्या ओळी पडल्या होत्या, मी त्या वळणाला आलो आणि खडीच्या ढिगावर, अगदी माथ्यावर, तो फुगून बसला होता. मी वेग कमी केला नाही, त्याच्याकडे बघितलंही नाही, कारण थांबलं की तो उडतो. शेजारून जाताना खडखडीत आवाजात तो एकदा ओरडला. दोनशे पावलं पुढे जाऊन मी मागे वळून पाहिलं. तो खाली उतरला होता, आणि एक नाकतोडा चोचीत धरून खडीवर आपटत होता.